डीपी जळते एका दिवसात, तेल बिघडतं वर्षभर आधी

पावसाळा तोंडावर आला की आपल्या जिल्ह्यात दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात. ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. शाळेतली पोरंसुद्धा हे पाठ सांगतात. तिसरा एक आकडा मात्र चावडीवर कुणालाही विचारा, सांगता येणार नाही. तो आहे ३०. शिवारातल्या डीपीमधलं तेल किती हजार व्होल्टचा दाब सोसतं, त्याचं हे माप. तीस हजारांच्या खाली घसरलं की ते तेल कामातून गेलं, असं भारतीय मानक सांगतं. पण डीपी चालूच असते, मोटारी फिरत असतात, उसाला पाणी जात असतं. मग कुठल्या तरी रात्री धाडकन आवाज होतो आणि सकाळी वायरमन सांगतो, "डीपी गेली."

त्यानंतर काय होतं ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. वर्गणी, ट्रॅक्टर, ऑफिसच्या खेपा, "आज येईल, उद्या येईल". ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलावं, असं वीज नियामक आयोगाची कृती मानकं सांगतात. या ४८ तासांवर आपल्याकडं बातम्या होतात, मोर्चे निघतात, ते बरोबरच आहे. पण डीपी बदलायला किती दिवस लागले यावर जेवढी चर्चा होते, त्याच्या दहावा हिस्साही ती जळाली का यावर होत नाही. ओव्हरलोड, वीज पडली, जुनी होती, अशी तीन उत्तरं ठरलेली आहेत. तेलाचं नाव फार क्वचित निघतं.

तेल तिथं करतं काय?

बऱ्याच जणांचा समज असा की गाडीच्या इंजिनात ऑईल असतं तसंच हे, गुळगुळीत चालायला. डीपीत तर फिरणारं काहीच नसतं. आत लोखंडी पत्र्यांचा गाभा, त्यावर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारांची वेटोळी, त्यांना गुंडाळलेला कागद, आणि हे सगळं तेलात बुडालेलं. एका बाजूनं ११ हजार व्होल्ट आत येतात, दुसऱ्या बाजूनं ४३३ बाहेर पडतात. या दोन्हींमध्ये अंतर किती, तर काही मिलिमीटर. तेवढ्या फटीतून वीज उडी मारत नाही, ती तेलामुळं आणि तेल प्यायलेल्या कागदामुळं. तारांची उष्णता बाहेरच्या पंख्यांपर्यंत आणून सोडायचं कामही तेलच करतं.

याला सगळ्यात मोठा शत्रू पाणी. शंभर केव्हीएच्या डीपीत साधारण दीडशे ते दोनशे लिटर तेल असतं. दोनशे लिटरमध्ये दोन चहाचे चमचे पाणी मिसळलं तरी ते तेल पाण्यानं जवळपास तुडुंब झालं म्हणायचं. यापेक्षा जास्त पाणी ते पोटात ठेवूच शकत नाही, जास्तीचं थेंब होऊन तळाला बसतं. रॉकेलच्या कॅनच्या तळाला पाणी साचलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. त्यात धूळ किंवा कागदाचे तंतू असतील तर तेलाची ताकद निम्म्याच्याही खाली येते.

ही ताकद मोजायची चाचणी म्हणजे बीडीव्ही. यंत्र फार मोठं नाही. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात तेल घ्यायचं, आत अडीच मिलिमीटर अंतरावर दोन गोळे, आणि दाब सेकंदाला दोन हजार व्होल्टनं वाढवत न्यायचा. ठिणगी पडली तो आकडा लिहायचा. असं सहा वेळा करून सरासरी काढायची. नव्या तेलाचं मानक आयएस ३३५. त्याप्रमाणं कोऱ्या तेलानं पिंपातून काढल्यावर निदान ३० हजार आणि गाळून-सुकवून घेतल्यावर ७० हजार व्होल्ट सोसले पाहिजेत. वापरातल्या तेलासाठी आयएस १८६६ आहे. आपल्या ११ हजाराच्या डीपीच्या वर्गात ४० च्या वर असेल तर निवांत, तीस ते चाळीसमध्ये असेल तर लक्ष ठेवा, तीसच्या खाली गेलं की काहीतरी करायलाच हवं.

यंत्र नसेल तर जुन्या वायरमन लोकांची एक पद्धत आहे. परीक्षानळीत थोडं तेल घेऊन तापवायचं. तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडावा तसा चरचर आवाज आला तर तेलात मोकळं पाणी आहे. आवाज आला नाही म्हणजे तेल चांगलं, असं मात्र धरून चालायचं नाही. आणखी एक महत्त्वाचं, नमुना डीपीच्या तळाच्या व्हॉल्व्हमधूनच घ्यायचा. पाणी तळाला असतं, वरचं तेल तपासून समाधान करून घेण्यात अर्थ नाही.

एक जिल्हा, दोन हवामानं

कोल्हापूर जिल्ह्याची गंमत अशी की गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि शिरोळात जेमतेम पाचशेच्या घरात. दोन्ही तालुक्यांत डीपीचं तेल पाण्यानंच बिघडतं, पण पाणी येण्याची वाट वेगळी आहे.

गगनबावडा, राधानगरी, आजरा, भुदरगड, चंदगड या पश्चिमेच्या पट्ट्यात पाणी हवेतून येतं. मोठ्या डीपीला वर एक आडवी टाकी असते आणि तिला खाली लटकवलेली एक बरणी. ही डीपीची श्वासनळी, तिला ब्रीदर म्हणतात. दिवसा लोड आला, तेल तापलं, फुगलं की हवा बाहेर. रात्री निवलं की हवा आत. आत येणारी हवा कोरडी व्हावी म्हणून बरणीत सिलिका जेलचे खडे असतात. कोरडे असताना निळे, ओल धरली की गुलाबी. (हल्ली काही ठिकाणी केशरी खडे येतात, त्यांचा रंग वेगळा बदलतो.) जून ते सप्टेंबर चार महिने धुक्यात उभी असलेली डीपी प्रत्येक रात्री ओली हवा ओढते. खडे एकदा गुलाबी झाले की बरणी असून नसल्यासारखी. आणि हे खडे महाग वस्तू नव्हेत, तापवून वाळवले तर पुन्हा वापरता येतात. लाखभराच्या पुढची वस्तू मूठभर खड्यांसाठी जाते, याला काय म्हणावं?

पूर्वेकडं, करवीरचा नदीकाठ, हातकणंगले, शिरोळ, इथं पाणी हवेतून येत नाही, सरळ नदीतून येतं. त्याला कारणही आपलंच. नदीला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, काठावर पाणी संस्थांची आणि शेतकऱ्यांची मोटारघरं, आणि मोटारघराजवळ डीपी. पाणी उपसायचं तर डीपी नदीजवळच असणार, आणि नदीजवळ असणार म्हणजे पुरात जाणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली. चिखली-आंबेवाडीपासून नृसिंहवाडी-कुरुंदवाडपर्यंत डीपी पाण्याखाली होत्या. शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं बुडाल्यानं कोल्हापूर शहरालाही पूर असताना प्यायच्या पाण्यासाठी टँकर शोधावे लागले.

पूर ओसरल्यावरची घाई

पूर ओसरला की सगळ्यांना लाईट हवी असते. मोबाईल बंद, पिठाची गिरणी बंद, विहिरीत गाळ. अशा वेळी वायरमन लोक चिखलातून खांब चढतात, कमरेएवढ्या पाण्यातून फेऱ्या मारतात. त्यांच्या कामाबद्दल कुणी बोट दाखवू नये. पण याच दिवसांत सगळ्यात महागात पडणारी चूक होऊ शकते, ती म्हणजे पाण्यात राहिलेली डीपी बाहेरून धुऊन, तेल बदलून लगेच चालू करणं.

तेल बदललं की काम झालं असं वाटतं. पण आतला कागद तेलापेक्षा कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. जुनं तेल काढलं, नवं घातलं, तपासलं, आकडा ६० आला, सगळे खूश. चार दिवसांनी डीपी तापली की कागदातलं पाणी नव्या तेलात उतरतं आणि आकडा पुन्हा खाली. म्हणून बुडालेल्या डीपीचा गाभा बाहेर काढून भट्टीत वाळवावा लागतो, मेगरनं इन्सुलेशन मोजावं लागतं, मग तेल. याला दिवस लागतात. त्या दिवसांसाठी राखीव डीपी हव्यात, आणि त्या पूर येण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी, पूररेषेच्या वर असायला हव्यात. पूर आल्यावर त्या मागवून उपयोग नाही, तेव्हा रस्तेच बंद असतात.

अलमट्टीची उंची ५१९ मीटरवरून ५२४ वर नेण्याच्या विरोधात आपण रस्त्यावर उतरतो, उतरायलाच हवं. पण पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्या खुणा २०१९ पासून भिंतीभिंतीवर आहेत. त्या खुणेच्या वर चौथरा बांधून डीपी बसवायला दुसऱ्या राज्याची परवानगी लागत नाही.

गाळणं वेगळं आणि सुधारणं वेगळं

"तेल फिल्टर करून घेतलंय" हे वाक्य दुरुस्तीवाल्याकडून हमखास ऐकायला मिळतं. याचा अर्थ समजून घ्या. फिल्टर मशीनमध्ये तेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवतात, हवेचा दाब काढून घेतात, म्हणजे पाणी वाफ होऊन निघतं, आणि बारीक जाळीतून कचरा गाळतात. पाणी गेलं, कचरा गेला, बीडीव्हीचा आकडा वर आला.

पण तेल नुसतं ओलं होत नाही, म्हातारंही होतं. वर्षानुवर्षं तापून त्यात आम्ल तयार होतं. फिकट पिवळं तेल तपकिरी होतं, चहासारखं, मग काळं, आणि शेवटी तळाला व तारांवर चिकट गाळ बसतो. त्या गाळामुळं उष्णता बाहेर पडत नाही, कागद आणखी तापतो, ठिसूळ होतो. हे आम्ल साध्या गाळण्यानं जात नाही. त्यासाठी तेल एका खास मातीतून फिरवावं लागतं. ही माती म्हणजे दुसरं तिसरं काही नसून मुलतानी मातीच, बायका चेहऱ्याला लावतात ती. ती आम्ल शोषून घेते. काळं तेल नुसतं गाळून पुन्हा भरलं असेल तर बीडीव्ही चांगला दिसेल, पण आजार आत तसाच राहील. म्हणून दुरुस्त होऊन आलेल्या डीपीसोबत दोन आकडे मागायला हवेत, बीडीव्ही आणि आम्लता. एकावर भागत नाही.

टॉप-अप हा आणखी एक विषय. तेल कमी झालं, पिंप उघडलं, बादलीनं ओतलं. ते पिंप कुठं होतं? उघड्यावर उभं ठेवलेलं पिंप पावसात भिजतं, झाकणावर पाणी साचतं. दिवसा तापून रात्री निवताना ते पिंपही डीपीसारखाच श्वास घेतं आणि झाकणावरचं पाणी बुचाच्या आट्यातून आत ओढतं. सील न तोडलेलं नवं पिंपसुद्धा असं बाटतं. म्हणून तेलाची पिंपं छपराखाली आणि आडवी ठेवायची असतात.

तेल बिघडवण्यात आपला वाटाही आहे, तो लपवून चालणार नाही. शेतीची थ्री फेज लाईट आली की स्टार्टरला ऑटो लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. पाचची मोटार सांगून साडेसातची बसवलेली, कपॅसिटर काढून ठेवलेला, वर दोन-चार आकडे. तेवढ्या वेळात डीपी जो झटका खाते तो रोजचा. तापमान नेहमीपेक्षा सहा-आठ अंशांनी जास्त राहिलं तर कागदाचं आयुष्य निम्मं होतं, असा विद्युत अभियंत्यांचा ठोकताळा आहे. २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मार्च २०२९ पर्यंत वीज मोफत आहे. बिलाचा वाद त्यामुळं बराच मिटला. वीज फुकट मिळाली तरी डीपी जळालेली असली तर त्या फुकटाचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच.

सोयाबीनचं तेल डीपीत?

डीपीत आजवर खनिज तेल वापरलं जातं, कच्च्या तेलातून निघालेलं. आता वनस्पती तेलाचा, म्हणजे सोयाबीन वगैरेपासून केलेल्या नैसर्गिक एस्टरचा पर्याय आलाय. त्याला आयएस १६६५९ हे भारतीय मानक आहे आणि देशातल्या कंपन्या ते बनवतात. सोयाबीनच्या पट्ट्यात ही बातमी ऐकून कान टवकारणं साहजिक आहे. गुण खरेच चांगले आहेत. खनिज तेल दीडशे अंशांच्या आसपास पेट धरू शकतं, हे तीनशेच्या वर जाईपर्यंत जळत राहत नाही. दोनशे लिटरमध्ये दोन चमचे पाण्यानं खनिज तेल हार मानतं, हे पेलाभर पाणी पचवतं. कागदातलं पाणी आपल्याकडं ओढून घेऊन कागद वाचवतं. जमिनीवर सांडलं तर मातीत विरघळून जातं, विहीर खराब होत नाही.

मग उद्यापासून सगळीकडं हेच का नको? एक तर ते महाग आहे. दुसरं, हवेशी सतत संपर्क आला तर घरातल्या तेलासारखंच ते घट्ट होत जातं, म्हणजे श्वास घेणाऱ्या जुन्या डीपीत ओतून चालत नाही, बंद टाकीच लागते. माझ्या मते आपल्या जिल्ह्यासाठी खरा मुद्दा तेलापेक्षा टाकीचा आहे. पूररेषेत आणि घाटमाथ्यावर नवी डीपी बसवताना पूर्ण सीलबंद टाकीची घेतली तर साध्या खनिज तेलातही निम्मं दुखणं कमी होईल, कारण ओली हवा आत जायची वाटच राहत नाही. वनस्पती तेल गर्दीच्या जागी, बाजारपेठेत, शाळा-दवाखान्याशेजारी आधी यावं, जिथं आगीची भीती जास्त आहे.

चोरी, गुडघे आणि एक संपलेली मुदत

नदीकाठच्या शिवारात डीपी पाडून तांबं नेणाऱ्या टोळ्यांचा त्रास आपल्याला नवा नाही. तांब्यासाठी चोर येतात, तेल शेतात सोडून देतात किंवा कॅन भरून तेही नेतात. चोरीचं तेल कुठं जातं याच्या कथा जगभर आहेत. केनियात तर ते वडे-बटाटे तळायला विकलं जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या. आपल्याकडं तळत नसतील, पण डीपीचं तेल गुडघ्याला चोळलं की दुखणं थांबतं असं सांगणारी म्हातारी माणसं अजून भेटतात. हे कृपा करून थांबवा. जुन्या काळातल्या काही विद्युत उपकरणांत पीसीबी नावाचं अत्यंत विषारी रसायन वापरलं जायचं, आणि एकच फिल्टर मशीन इकडून तिकडं फिरलं की त्याचा अंश चांगल्या तेलातही जातो. केंद्राच्या २०१६ च्या आदेशानं पीसीबीचा वापर पूर्ण थांबवण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ठेवली होती. ती संपली. आपल्या शिवारातल्या जुन्या डीपींची या दृष्टीनं तपासणी झाली का, हा प्रश्न आमदार-खासदारांनी विचारावा असा आहे. वापरलेलं तेल हा कायद्यानं घातक कचरा आहे, ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचं असतं. ओढ्यात सोडायचं नसतं आणि गुऱ्हाळाच्या चुलवणातही घालायचं नसतं.

ग्रामसभेत काय मागायचं

प्रत्येक छोट्या डीपीच्या तेलाची प्रयोगशाळेत पूर्ण तपासणी करा, अशी मागणी करण्यात अर्थ नाही. ६३ केव्हीएच्या डीपीसाठी तो खर्च परवडणारा नाही, हे महावितरणचं म्हणणं कुणीही मान्य करेल. पण पावसाळ्याआधी तेलाची पातळी, ब्रीदरचे खडे आणि तळाच्या नमुन्याचा बीडीव्ही, एवढं करायला एका डीपीला तासभर पुरतो. डीपीच्या पाटीवर क्षमता असते, बनवणाऱ्याचं नाव असतं. त्याशेजारी रंगानं तीन गोष्टी लिहिल्या पाहिजेत. तेल तपासलं ती तारीख, आलेला आकडा, आणि २०१९ किंवा २०२१ ला ती पाण्यात होती का. एवढं लिहिलेलं असलं की वायरमन बदलला तरी डीपीचा इतिहास राहतो, आणि दुरुस्त होऊन आलेल्या डीपीची हमी मागायलाही पुरावा राहतो.

तेल बघायला स्वतः डीपीवर चढू नका. फ्यूज टाकायला चढलेली माणसं परत आली नाहीत अशी उदाहरणं जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहेत. कुंपणाबाहेरून दिसतं तेवढं पुरेसं आहे. टाकीखाली तेलाचा ओघळ, बुशिंगभोवती काळा डाग, बरणीत गुलाबी खडे किंवा बरणीच फुटलेली, लोड नसतानाही वाढलेला घूं घूं आवाज. यातलं काही दिसलं तर फोटो काढा, डीपीचा क्रमांक लिहून घ्या, १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. पाणी संस्थांनी तर जूनच्या पहिल्या आठवड्यातच शाखा अभियंत्याला लेखी पत्र द्यावं. नदी ३९ फुटांवर आल्यावर ते पत्र वाचायला कुणाला सवड नसते.